चार चेअरमन, एक मॅडम

आमच्या गल्लीत नावाने हाक फक्त लहान मुलांना मारली जायची. माणूस कर्ता झाला की त्याचं नाव मागे पडायचं आणि त्याच्या जागी एक इंग्रजी शब्द येऊन बसायचा. समोरच्या घरात कंपाउंडर राहायचे. त्यांच्या शेजारी वायरमन. कोपऱ्यावर मिल्ट्री, म्हणजे फौजेतून परत आलेले एक काका, जे आता म्हशी पाळायचे. त्यांच्या पलीकडे मेंबर. हे मेंबर मी जन्मायच्या आधी कधीतरी ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि पुढच्याच निवडणुकीत पडले होते. तरी ते मेंबरच. त्यांच्या विहिरीला मेंबरची विहीर म्हणायचे, त्यांच्या बैलाला मेंबरचा बैल. माझा चुलतभाऊ रमेश धुळ्याच्या कॉलेजात शिकत होता आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा पुन्हा पुन्हा देत होता. त्याला सगळे बीएस्सी म्हणायचे. पदवी मिळायची होती, पण नाव आधीच मिळालं होतं.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, म्हणून आमचं घर कंडक्टरचं. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, सगळं गाव कंडक्टर म्हणायचं. आई कंडक्टरीण. सकाळी विहिरीवर बाया एकमेकींना विचारायच्या, "काय व कंडक्टरीण, आज काय रांधं?" आणि आई सांगायची, "काय रांधणार मेंबरीणबाई, कळण्याची भाकर आन् ठेचा." आईचं खरं नाव काय हे मला शाळेचा दाखला काढताना नीट कळलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं. उलट ज्या बाईला असं नाव नव्हतं तिला नुसतंच अमक्याची बायको म्हणायचे, आणि ते जरा खालचं होतं.

आमचं गाव सोनगीरच्या मागे, हमरस्त्यापासून आत. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरची ठोक वारा असला की आमच्यापर्यंत यायची, आणि ट्रकांचे हॉर्न तर कायमच. पण घरातला मुख्य आवाज भाऊंचा. मोठा, स्वच्छ आणि न ओरडता लांब जाणारा. गाडीत बसून बसून तो तसा झाला होता. ड्यूटीवरून आले की ते आधी तिकिटांची पत्र्याची पेटी खुंटीला लावायचे, मग पंच खिशातून काढून कोनाड्यात ठेवायचे, मग पाणी मागायचे. या क्रमात कधी फरक पडला नाही. फैजपूरच्या गाडीवर ड्यूटी असली की पिशवीत केळीची फणी असायची. ती आई सगळ्या गल्लीत वाटायची, प्रत्येक घरी पदाप्रमाणे. मिल्ट्रीला दोन, मेंबरला दोन, वायरमनला एक. वायरमन एकटाच होता म्हणून एक. तरी तो म्हणायचा, "वायरमनले एकच काबर?"

या आवाजामुळे भाऊंकडे गावातला आणखी एक मान आला होता. लग्नात मंगलाष्टकांआधी माइकवरून पाहुण्यांना पुकारून त्यांना टावेल-टोपी देण्याची पद्धत आमच्याकडे होती, आजही आहे. तो पुकारा भाऊ करायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण चुकीच्या पुकाऱ्यामुळे जेवणावरून उठलेले पाहुणे मी पाहिले आहेत. भाऊंचे नियम ठरलेले होते. लांबचा पाहुणा आधी, जवळचा नंतर. पदाबरोबर गाव सांगायचंच. पुकारायच्या आधी त्या माणसाजवळ जाऊन नमस्कार करून यायचं, म्हणजे तो तयार राहतो. आणि कोणालाही माजी म्हणायचं नाही, मग तो पडलेला असो, काढलेला असो की स्वतःहून सोडून आलेला असो. मी त्यांच्या शेजारी बसून यादी लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला याद्या करायची सवय तेव्हापासूनच आहे. एकदा मी विचारलं, "भाऊ, नाव कुठे लिहू?" माझी आत्या, जिला सगळे अक्का म्हणतात, मागे बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "नावमा काय शे? पद लिही, पद."

या पुकाऱ्याची ताकद किती होती त्याचं एक उदाहरण सांगते. एका लग्नात ऐनवेळी भोंगा बंद पडला. पिठाची चक्की चालवणाऱ्या एका माणसाने तार खटपट करून जोडून दिली. भाऊंनी खूश होऊन माइकवर म्हटलं, "आमचे इंजिनिअर साहेब वेळेवर धावून आले, त्यांचे आभार." झालं. दुसऱ्या दिवसापासून तो इंजिनिअर. वर्षभरात त्याने चक्कीवर तशी पाटी रंगवून घेतली, त्याच्या मुलांना शाळेत इंजिनिअरची पोरं म्हणू लागले, आणि त्यानेही मग खरोखरच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकून घेतलं. चारचौघांत, माइकवर, जेवणाआधी जे पद दिलं जातं ते आमच्याकडे कोणी परत घेत नाही. घेणार कोण? ज्या लोकांनी ऐकलं त्या सगळ्यांना पुन्हा जेवायला बोलवावं लागेल.

आज जळगावात मेहरूणच्या बाजूला मी एक मंगल कार्यालय चालवते. आता स्टेजवर अँकर असते, खाली इव्हेंट मॅनेजर असतो, त्याच्या हाताखाली दोन कोऑर्डिनेटर. परवा एका पंचविशीच्या मुलाला फाउंडर म्हणून पुकारलं. त्याने कशाची स्थापना केली हे मी त्याच्या मावशीला विचारलं, तर तिलाही सांगता आलं नाही, पण ती फार खूश होती. मला यात हसू येत नाही. माणसाला चार लोकांत उभं राहायला काहीतरी हातात लागतं. आमच्याकडे ते इंग्रजी शब्दात मिळायचं, कारण त्या शब्दाला जात चिकटलेली नव्हती आणि वाडवडिलांची जमीन लागत नव्हती. मिल्ट्री आमच्या गल्लीत घर घेऊन राहिले ते त्या एका शब्दावर. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

माझी मोठी बहीण सुनंदाताई डी.एड. झाली. आमच्या घरात पहिल्यांदाच एखाद्या बाईला स्वतःचं पद मिळणार होतं, नवऱ्याच्या पदाला शेपूट लावून झालेलं नव्हे. ताई शांत स्वभावाची. अभ्यास करताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि समोर वर्ग आहे असं समजून हळू आवाजात शिकवायची. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता ते ऐकायची. कधीकधी मध्येच म्हणायची, "पुन्हा सांग, मला नाही समजलं," आणि ताई खरंच पुन्हा सांगायची.

तिचं लग्न ठरलं ते अमळनेरकडच्या एका घरात. मुलगा जळगावला पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि दर शनिवारी गावी यायचा. त्याच्या वडिलांना सगळे डायरेक्टर नाना म्हणायचे. ते एका सूतगिरणीवर एक मुदत डायरेक्टर होते. अंगाने उंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि बोलण्याआधी घसा साफ करण्याची सवय. साखरपुड्याला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आम्हाला हुंडा नको, शिकलेली सून पाहिजे." त्या वाक्यावर आमच्या घरात आठवडाभर गोड बोलणं चालू होतं.

आणि मग ताईची ऑर्डर आली. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक, आणि शाळा कुठली, तर तिच्या होणाऱ्या सासरपासून तीन-चार मैलांवरच्या गावातली. देवाने नकाशा समोर ठेवून वाटणी केली असती तरी इतकं नीट जमलं नसतं. लग्न गुरुवारी होतं आणि ताईला सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही झाली तर ऑर्डर रद्द. भाऊंनी ती ऑर्डर स्वतःच्या आवाजात, पुकाऱ्यासारखी, अंगणात उभं राहून वाचली. वायरमनसुद्धा पेढे घेऊन आला.

दोन दिवसांनी कंपाउंडर घरात आले. सोयरीक त्यांनीच जमवली होती. चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि म्हणाले, "कंडक्टर, नानांचा निरोप आहे. सून शिकलेली पाहिजे म्हटलं होतं. नोकरीची पाहिजे असं नव्हतं म्हटलं."

"म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे डायरेक्टरच्या घरची सून रोज दुसऱ्याच्या मस्टरवर सही करायला जाणार नाही. नानांना बरोबर वाटत नाही. लोक काय म्हणतील, डायरेक्टरच्या घरात काय कमी आहे?"

"पण ऑर्डर तर आलीये."

"मग परत करा. सोप्पं आहे," कंपाउंडर म्हणाले. त्यांना सगळंच सोपं वाटायचं, त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी ठरला होता, मांडवाचे बांबू शाळेच्या मैदानात येऊन पडले होते. शेवटी भाऊ म्हणाले, "लग्न होऊ द्या, मग पाहू." आमच्या घरात 'पाहू' याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. नवीन सायकल घ्यायची का, तर पाहू. पंढरीमामाकडे सुट्टीत जायचं का, तर पाहू. आई चुलीकडे वळली आणि आधीच उकळलेल्या चहाला पुन्हा उकळी आणत बसली. अक्का मात्र कंपाउंडरच्या पाठीमागे म्हणाली, "हुंडा नको म्हने. आनी पोरनी भाकर काढी ली."

हळदीच्या दिवशी सकाळी ताईची पेटी भरत होतो. तिने ऑर्डर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सगळ्या साड्यांच्या खाली, तळाला ठेवली. मी विचारलं, "तिथे का?"

"राहू दे. आठवण म्हणून."

"तुला जायचंय की नाही?"

"शोभा, आता लग्न मोडायचं का? भाऊंची मान खाली जाईल. आणि ते स्वतः वाईट नाहीत गं." ते स्वतः म्हणजे सुपरवायझर. "मी त्यांना कंपाउंडरकाकांच्या हाती चिठ्ठी पाठवून विचारलं. ते म्हणाले, माझी ना नाही, पण नानांसमोर मी बोलू शकत नाही."

"मी लग्नाचं नाही विचारलं. शाळेत जायचंय का ते विचारलं. हो की नाही?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. "हो," ती म्हणाली. "जायचंय." मी साड्या उचलल्या, ऑर्डर काढली आणि सगळ्यात वर ठेवली, रुमालांच्या शेजारी, जिथून पहिल्यांदा हात घातला की लागेल. मी तेव्हा दहावीत होते. डोक्यात काही योजना नव्हती. पण वस्तू योग्य जागी ठेवली की अर्धं काम होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाच्या कापडाखालीही डोळे बारीक करावे लागत होते. शाळेच्या मागे बट्ट्या भाजायला मोठी भट्टी लावली होती. घोटलेल्या वांग्याचा, वरणाच्या फोडणीचा आणि तुपाचा वास वाऱ्याबरोबर मांडवात यायचा आणि भुकेली माणसं मान वळवून तिकडे पाहायची. भाऊंना पुकारा करता येणार नव्हता. मुलीचा बाप म्हणून त्यांना स्टेजवर हात जोडून उभं राहायचं होतं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी ठेवायची होती. म्हणून माइक बीएस्सीकडे दिला होता. त्याचं मराठी चांगलं, शर्ट नवा, आणि आत्मविश्वास तर परीक्षेला बसून बसून आलेला. यादी मी केली होती, गावांसकट. पण ती वाचून दाखवण्याआधी फिरून पाहुणे पाहून ये, असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वाचता येतं मला."

सुरुवातीची भाषणबाजी झाली. मग त्याने यादीवर बोट ठेवलं, घाम पुसला आणि गाव गाळून नुसतं म्हणाला, "आता मी चेअरमन साहेबांना विनंती करतो की त्यांनी स्टेजवर यावं."

मांडवात चार माणसं उभी राहिली.

आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन उठले. आमच्याच गावच्या दूध डेअरीचे चेअरमन उठले. नवऱ्या मुलाच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन उठले. आणि आमच्या आजोळहून आलेले एक म्हातारे चेअरमन, ज्यांची मुदत संपून कित्येक वर्षं झाली होती, तेही काठी टेकत उठले. चौघांनीही एकमेकांना पाहिलं, पण चालायचं थांबलं कोणीच नाही. थांबणं म्हणजे कबूल करणं. चौघे एकदम स्टेजच्या पायरीशी पोचले आणि भाऊंच्या हातात टावेल-टोपी एकच.

"कोन्ता चेअरमनले बलावं भो?" डेअरीवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही, म्हणजे तुम्ही पण, पण आत्ता ते," बीएस्सी माइकमध्येच म्हणाला. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"मी नही?" डेअरीवाले म्हणाले. "गावले दूध मी पाजस आनी मी नही?"

मांडव हसला. नवऱ्याकडच्या चेअरमनला वाटलं आपल्यालाच हसले. ते वळले आणि आपल्या माणसांना म्हणाले, "चला रे. बोलावून अपमान करायची पद्धत आहे इथे. टेम्पो काढा." त्यांच्या मागची दोन रांगा माणसं उठलीसुद्धा. बीएस्सी म्हणाला, "ओ चेअरमन साहेब," तर बाकीचे तीन वळले. त्याच्या हातातला माइक भोंग्याजवळ गेला आणि असा किंचाळला की नवऱ्याची घोडी मैदानाच्या कडेला उधळली.

मी स्टेजच्या मागे ताटात टावेल-टोप्या लावत होते. पायरी चढून गेले, बीएस्सीच्या हातातून माइक घेतला आणि भाऊ घ्यायचे तसा तो तोंडापासून वीतभर लांब धरला. "सर्व मान्यवर चेअरमन साहेबांना नमस्कार," मी म्हटलं. "चौघांचाही मान आहे आणि चौघांचीही टावेल-टोपी तयार आहे. मान लांबून आलेल्या पाहुण्यांचा आधी. अमळनेरकडून, नवरदेवाच्या गावाहून आलेले, विकास सोसायटीचे चेअरमन साहेब!" टेम्पोकडे निघालेले पाय थांबले. मग आजोळचे म्हातारे, "ज्यांच्या काळात सोसायटीचं गोदाम उभं राहिलं ते चेअरमन आजोबा." मग आमच्या सोसायटीचे. मग, "गावाला दूध पाजणारे डेअरीचे चेअरमन साहेब." त्यावर डेअरीवाले स्वतःच एवढे हसले की टोपी पडली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच सांगितलं, चालू ठेव.

मी चालू ठेवलं. मेंबर, कंपाउंडर, मिल्ट्री, पोस्टमास्तर, डॉक्टर, आमच्या शाळेचे सर. एकही चूक झाली नाही. मुलगी पुकारा करतेय म्हणून आधी जी कुजबुज होती ती थांबली. लोक नीट ऐकू लागले, टाळ्या वेळेवर पडू लागल्या. आवाज माझा होता, पण मला आतून कळत होतं की हा भाऊंचाच आहे, फक्त पातळ केलेला. आणि यादीत शेवटचं पद उरलं. व्याही. डायरेक्टर नाना.

ते पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते, घसा साफ करून तयार. ताई आतल्या खोलीत होती, तिला भोंग्यातून सगळं ऐकू येत होतं. मी त्या क्षणी काय विचार केला असं लोक मला नंतर विचारायचे. विचार साधा होता. पुकारल्यावर या माणसाला उठावंच लागेल. उठल्यावर चालावं लागेल. सोफ्यापासून स्टेजपर्यंत जेवढं अंतर आहे तेवढा वेळ माझ्याकडे आहे.

"आणि आता शेवटचा आणि सगळ्यात मोठा मान," मी म्हटलं. "ज्यांनी हुंडा नको, शिकलेली सून पाहिजे असं भर साखरपुड्यात सांगितलं, ते आमचे डायरेक्टर नाना." टाळ्या पडल्या. नाना उठले, सदरा सारखा केला, चालू लागले. "असा माणूस पंचक्रोशीत नाही. कारण सून नुसती शिकलेली आणून ते थांबत नाहीत. आमची सुनंदाताई सोमवारपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत मॅडम म्हणून हजर होते आहे, आणि पहिल्या दिवशी सुनेला शाळेत पोचवायला डायरेक्टर नाना स्वतः जाणार आहेत. मॅडमचे सासरे, डायरेक्टर नाना!"

भट्टीवरचा आचारी मागे कोणाला तरी लाकडं आण म्हणत होता, तेवढंच ऐकू आलं. नाना पायरीवर एक पाय ठेवून थांबले. कंपाउंडर उभे राहिले, "ए पोरी," एवढंच म्हणाले. अजून मंगलाष्टकं झाली नव्हती. नाना पाय मागे घेऊन टेम्पोकडे गेले असते तर कोणी काही करू शकलं नसतं, आणि त्यानंतर ताईचं काय झालं असतं हे मला त्या वयातही माहीत होतं.

टाळी वाजली ती बायकांच्या बाजूने. पाहिलं तर नानांच्या पत्नी, ज्यांना सगळे डायरेक्टरीणबाई म्हणत. डोक्यावरचा पदर घसरलेला, हात वर करून त्या टाळ्या वाजवत होत्या. "बोल व माय, अजून बोल!" त्या ओरडल्या. "मॅडम! मन्ही सून मॅडम!" मग त्यांच्या शेजारच्या बाया, मग आमच्या गल्लीतल्या कंपाउंडरीण आणि मेंबरीण, मग शाळेचे सगळे सर, मग चारही चेअरमन टोप्या घालून. टाळ्यांचा आवाज कापडाच्या छताला लागून खाली यायला लागला.

नाना आणखी एक पायरी चढले. भाऊंनी टोपी ठेवली, खांद्यावर टावेल टाकला. नानांनी माझ्या हातातून माइक घेतला, घसा साफ केला आणि मांडवावर नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांना हे आवडत होतं, हे मला इतक्या जवळून स्पष्ट दिसलं. "डायरेक्टरनी जबान शे," ते म्हणाले. "दिली म्हंजे दिली."

त्यांनी अशी जबान कधी दिलीच नव्हती, हे मांडवात चार-पाच जणांनाच माहीत होतं, आणि त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडलं नाही.

पाठवणी झाल्यावर मांडवात खुर्च्या गोळा करत होतो. भाऊ माझ्याजवळ आले. "नाना असं म्हणाले होते का गं कधी, सोडायला जाईन म्हणून?"

"नव्हते म्हणाले."

"मग?"

"आता म्हणाले ना. सगळ्यांसमोर."

भाऊंनी एक खुर्ची उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मग हसायला लागले, असे की आई आतून पाहायला आली. "कंडक्टर मी आहे," ते म्हणाले, "आणि डबल बेल मारली तू."

पुढचं मी पाहिलेलं नाही. ताईने सांगितलं तेच सांगते. सोमवारी सकाळी नाना ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि गुडघा दुखत असल्याचं आतल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत होते. ताई साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, दाराच्या आत उभी होती. तिला काही बोलायची गरज पडली नाही. रस्त्याने जाणारा पहिला माणूस थांबला, "काय नाना, मॅडमले सोडाले निघनात का?" दुसरा थांबला. त्यांच्या गावचे चेअरमन, जे आमच्याकडून टेम्पोने निघणार होते, ते तर मुद्दाम ओट्यावर येऊन बसले आणि चहा मागून म्हणाले, "जा ना मग, शाळा भरी जाई." नानांनी वर्तमानपत्राची घडी केली, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि राजदूत मोटारसायकल बाहेर काढली.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. हेडमास्तर धावत बाहेर आले आणि नानांना खुर्ची दिली. ताई वर्गात शिरली आणि मुलं एका सुरात उठून ओरडली, "नमस्ते मॅडम!" ओसरीतून नाना म्हणाले, "बसा, बसा." जाण्याऐवजी ते तिथेच बसले. ताई सांगते, पहिल्या तासाला तिचं लक्ष सारखं खिडकीकडे जात होतं, कारण तिथून सदऱ्याची पांढरी बाही दिसत होती. नंतर ती विसरली. भिंतीकडे तोंड करून इतकी वर्षं जे शिकवलं होतं तेच तिने पुन्हा शिकवलं, फक्त या वेळी समोर मुलं होती आणि ती मध्येच म्हणत होती, पुन्हा सांगा मॅडम, नाही समजलं. मधल्या सुट्टीत कोणाचे तरी आईवडील नवीन मॅडम पाहायला आले आणि नानांनी त्यांना ताईची सगळी माहिती दिली, कुठे शिकली, कोणत्या वर्गात पास झाली, सगळी.

घंटा झाली. परतीच्या वाटेवर कापसाची मोकळी रानं दोन्ही बाजूंना, धूळ, आणि राजदूतचा आवाज. ताईला वाटलं, आजचा एक दिवस झाला, शब्द पाळला गेला, आता संपलं. घरासमोर त्यांनी गाडी थांबवली, स्टँड लावलं, खाली उतरले आणि तिच्याकडे न पाहता टाकीवरची धूळ हाताने पुसत विचारलं,

"उद्या कितला वाजता निघनं शे?"